नव्या फोनमध्ये जुने काय परत येते?

नवा स्मार्टफोन हाती आल्यावर जुन्याच गूगल खात्याचा पासवर्ड त्यात भरला, की तासाभरात संपर्कयादी जशीच्या तशी दिसू लागते, छायाचित्रे एकामागून एक उमटतात, जुनी ॲप आपापल्या जागी येऊन बसतात आणि घरातील वाय-फायचा पासवर्डसुद्धा पुन्हा विचारला जात नाही. त्याच फोनवर व्हॉट्सॲप मात्र कोरे उघडते, यूपीआयचे ॲप पहिल्यापासून नोंदणी करायला लावते, आणि ध्वनिमुद्रित केलेली भजने किंवा ‘डाउनलोड’ फोल्डरात ठेवलेली कागदपत्रे कुठेच सापडत नाहीत. फोन एक, खाते एक आणि ‘बॅकअप चालू आहे’ हा संदेशही एकच. तरीही काही गोष्टी आपसूक परत याव्यात आणि काही कायमच्या जाव्यात, असे का घडते?

याचे कारण असे, की ज्याला सरसकट ‘फोनमधील डेटा’ म्हटले जाते तो एका जागी, एका मालकीचा आणि एका प्रकारचा नसतो. फोन बदलताना, बिघडल्यावर किंवा हरवल्यावर काय परत मिळेल हे तीन प्रश्नांवर ठरते: मूळ माहिती कुठे साठवलेली होती, तिची प्रत काढण्याची परवानगी कोणाला होती, आणि ती प्रत उघडण्याची किल्ली कोणाकडे आहे. पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा बरीच होते. तिसऱ्याकडे मात्र सर्वसाधारण वापरकर्त्याचे लक्ष फोन हातातून गेल्यावरच जाते.

माहिती नेमकी राहते कुठे

बटणांच्या साध्या मोबाइलच्या काळात ही बाब सोपी होती. संपर्क एक तर सिमकार्डवर असत किंवा फोनच्या मेमरीत. सिमकार्डवर बहुधा अडीचशेच्या आसपास क्रमांक मावत आणि नावासाठीची जागा आखूड असे. पण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की यादीही त्याच्याबरोबर जाई. आजही अनेक अँड्रॉइड फोनवर नवा क्रमांक साठवताना ‘सिम’, ‘फोन’ आणि ‘गूगल खाते’ असे पर्याय समोर येतात, आणि घाईत निवडलेला पर्यायच पुढे निर्णायक ठरतो. खात्यात साठवलेला क्रमांक इंटरनेटमार्गे गूगलच्या सर्व्हरवर, म्हणजे कायम चालू राहणाऱ्या दूरस्थ संगणकांवर जातो. ‘फोन’ हा पर्याय निवडून साठवलेला क्रमांक त्याच यंत्रात राहतो, आणि बॅकअप वेगळा चालू नसेल तर यंत्राबरोबरच जातो. संपर्कयादीतील निम्मी नावे आली आणि निम्मी आली नाहीत, अशा तक्रारींचे मूळ बहुधा येथेच असते.

संपर्कांखेरीजची माहिती चार ठिकाणी विभागलेली असते. पहिले ठिकाण प्रत्येक ॲपच्या खाजगी जागेचे. अँड्रॉइड आणि आयफोनवरील आयओएस या दोन्ही प्रणालींत प्रत्येक ॲपला स्वतःची बंदिस्त जागा दिलेली असते, तिला ‘सँडबॉक्स’ म्हणतात, आणि एका ॲपला दुसऱ्याच्या सँडबॉक्समध्ये डोकावता येत नाही. खेळातील गुण, ॲपमधील सेटिंग किंवा व्हॉट्सॲपचे चालू संभाषण याच जागेत असते. दुसरे ठिकाण सामायिक साठ्याचे, जेथे कॅमेऱ्याने काढलेली छायाचित्रे, उतरवून घेतलेल्या फाइली आणि ध्वनिमुद्रणे असतात. तिसरे ठिकाण फोनच्या बाहेरचे आहे: ईमेल किंवा डिजिलॉकरमधील प्रमाणपत्रे मुळात सर्व्हरवरच असतात, फोनवर दिसते ती केवळ तात्पुरती नक्कल, आणि म्हणून नव्या फोनवर लॉगिन केले की ती पुन्हा समोर येतात. चौथे ठिकाण म्हणजे फोनमधील सुरक्षा-चिप. बोटांच्या ठशांचे नमुने आणि गुप्त किल्ल्या तिच्या आश्रयाला असतात व त्या बाहेर जाऊच नयेत अशी तिची रचना असते. त्यामुळे संपूर्ण बॅकअप असूनही नव्या फोनवर बोटांचे ठसे पुन्हा नोंदवावे लागतात.

दुरुस्तीवाल्यालाही डेटा का काढता येत नाही

पाण्यात पडलेल्या फोनमधून ‘निदान फोटो तरी काढून द्या’ अशी विनंती दुरुस्तीच्या दुकानात रोज होत असते. एके काळी ती अवाजवी नव्हती. फोनमधील साठा फ्लॅश मेमरीच्या चिपवर असतो आणि वीज गेली तरी तिच्यातील माहिती टिकते. जुन्या फोनमधून ही चिप उचलून दुसऱ्या यंत्रावर वाचणे कुशल कारागिराला शक्य होते.

एन्क्रिप्शन सार्वत्रिक झाल्यापासून हा मार्ग बंद झाला. एन्क्रिप्शन म्हणजे माहिती एका गुप्त संख्येच्या, म्हणजेच किल्लीच्या, साहाय्याने अशी बदलून लिहिणे की ती संख्या हाती नसेल तर उरतो तो निरर्थक अंकांचा ढीग. अँड्रॉइडच्या ७.० या आवृत्तीत, २०१६ साली, प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट करण्याची पद्धत आली, आणि २०१९ मधील अँड्रॉइड १० पासून बाजारात येणाऱ्या नव्या फोनसाठी एन्क्रिप्शन सक्तीचे झाले. आयफोनमध्ये ही सोय त्याआधीपासूनच होती. किल्ली सुरक्षा-चिपमधील गुपित आणि वापरकर्त्याचा पिन यांच्या संयोगातून तयार होते. त्यामुळे मुख्य बोर्डच कायमचा निकामी झाला, तर साठ्याची चिप शाबूत असूनही तिच्यातील एकही छायाचित्र वाचता येत नाही. पडदा फुटला किंवा बॅटरी गेली तर गोष्ट वेगळी, कारण तेवढी दुरुस्ती झाली की फोन पुन्हा चालू होतो आणि पिन घालून उघडता येतो.

‘फॅक्टरी रिसेट’ मिनिटभरात कसा उरकतो, याचे उत्तरही येथेच आहे. शेकडो जीबीचा साठा कण न् कण पुसायला बराच वेळ लागला असता. त्याऐवजी फोन मुख्यतः किल्ली नष्ट करतो, आणि किल्ली गेली की उरलेला सर्व साठा त्याच क्षणी निरर्थक होतो. जुना फोन विकणाऱ्याच्या दृष्टीने ही रचना हिताची आहे. मात्र रिसेटनंतर ‘सर्व काही परत मिळवून देऊ’ असे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवणे त्यामुळेच व्यर्थ ठरते.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि बरेचसे नुकसान त्या गल्लतीतून होते. सिंक म्हणजे एकाच माहितीची सर्व ठिकाणची स्थिती सारखी राखणे, तर बॅकअप म्हणजे एका विशिष्ट वेळची स्थिती मूळ माहितीपासून अलग करून जपणे. जमिनीच्या नोंदींशी परिचित असलेल्या वाचकाला हा भेद चटकन उमगेल. सात-बारा उतारा जमिनीची आजची स्थिती सांगतो, तर ती स्थिती कोणकोणत्या बदलांतून आली हे फेरफार नोंदवहीवरून कळते. सिंक केवळ आजचा उतारा सगळीकडे एकसारखा ठेवते, त्यामुळे चुकीने एक नाव कमी झाले तर ते प्रत्येक प्रतीतून कमी होते. मागचे फेरफार जपणारा बॅकअप असेल तरच चूक होण्याआधीच्या तारखेची स्थिती पुन्हा उभी करता येते.

गूगल फोटोज किंवा आयक्लाउड फोटोज या सेवा बव्हंशी सिंकच्या वळणाने चालतात. फोनमधील जागा भरली म्हणून वापरकर्ता त्या ॲपमध्ये जाऊन छायाचित्रे ‘डिलीट’ करतो, कारण ती ‘वर’ सुरक्षित आहेत असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ती फोनवरून आणि सर्व्हरवरून एकाच वेळी निघतात. जागा मोकळी करायची असेल तर गूगल फोटोजमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय असतो, जो सर्व्हरवर पोहोचलेल्या छायाचित्रांची केवळ फोनमधील प्रत काढून टाकतो. चूक झालीच तर थोडी सवलत मिळते: गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेले छायाचित्र ६० दिवस राहते, आयक्लाउडवर ही मुदत ३० दिवसांची आहे, आणि गूगलच्या संपर्कयादीत मागील ३० दिवसांतील कोणत्याही वेळेच्या स्थितीकडे परतता येते. मुदत उलटल्यावर मात्र परतीचा मार्ग उरत नाही.

प्रत काढली जाते तेव्हा

फोन आपला बॅकअप सवडीने, बहुधा रात्री घेतो. अँड्रॉइडमध्ये बॅकअप चालू असेल, तर फोन चार्जिंगला लावलेला आहे, वाय-फायला जोडलेला आहे आणि बराच वेळ वापरात नाही, अशा तिन्ही अटी जुळल्यावर काम सुरू होते. आयफोनही साधारणपणे वीज आणि वाय-फाय मिळून पडदा कुलूपबंद असतानाच आयक्लाउडवर प्रत पाठवतो. ज्या घरात वाय-फाय नाही आणि सर्व काम मोबाइल डेटावर चालते, तेथे बॅकअपचे बटण चालू असूनही महिनोन्‌महिने एकही प्रत निघालेली नसते, याचे कारण या अटींत सापडते. म्हणून सेटिंगमध्ये बॅकअप चालू आहे का, यापेक्षा शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

रोज सर्वच माहिती पाठवणे परवडणारे नसल्याने बहुतेक बॅकअप-व्यवस्था पहिल्यांदा पूर्ण प्रत घेतात आणि नंतर केवळ झालेले बदल पाठवतात. काय बदलले हे ओळखण्यासाठी फाइलचे आकारमान, तारीख आणि ‘हॅश’ यांचा उपयोग केला जातो. हॅश म्हणजे फाइलमधील सर्व अंकांवर ठराविक गणित करून काढलेली एक छोटी खूण. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी ही खूण पार बदलते, आणि दोन फाइलींची खूण जुळली तर दोन्हींतील मजकूर व्यवहारतः एकच मानला जातो. प्रवासात एखादा तुकडा बिघडला आहे का, याची तपासणीही याच खुणेवरून होते.

अँड्रॉइडच्या बॅकअपमध्ये ॲपची यादी, फोनची सेटिंग, कॉलची नोंद आणि एसएमएस येतात; छायाचित्रे गूगल फोटोजच्या वेगळ्या वाटेने जातात. ॲपच्या खाजगी जागेतील माहितीही २०१५ मधील अँड्रॉइड ६.० पासून आपोआप घेतली जाते, पण दोन मर्यादांसह. पहिली म्हणजे प्रत्येक ॲपला २५ एमबी इतकीच जागा मिळते. दुसरी म्हणजे, बॅकअपला संमती द्यायची की नाही हे ॲपचा निर्माता ठरवतो आणि वापरकर्त्याला ते बदलता येत नाही. बँकांची ॲप बहुधा नकारच देतात, कारण त्यांच्या लेखी खात्याची माहिती दुसऱ्या यंत्रावर सहज उतरणे ही सोय नसून धोका आहे.

सामायिक साठ्यातील फाइलींची स्थिती सर्वांत नाजूक असते. गूगल फोटोज सुरुवातीला केवळ कॅमेऱ्याचे फोल्डर घेते. स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवर आलेली चित्रे किंवा इतर फोल्डर हवी असतील तर ती एकेक करून निवडावी लागतात. ‘डाउनलोड’मधील पीडीएफ आणि रेकॉर्डरमधील ध्वनिमुद्रणे सर्वसाधारणपणे कोणीच आपणहून उचलत नाही. शिवाय जागेचा हिशेब आहेच. गूगलच्या एका खात्याला मिळणाऱ्या १५ जीबी मोफत जागेत ईमेल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे असे सर्व बसवावे लागते. छायाचित्रांसाठीची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. ॲपलची मोफत जागा ५ जीबीची आहे. जागा संपली की बॅकअप थांबतो. तसा इशारा फोन देतो, पण इतर सूचनांच्या गर्दीत तो वाचला जात नाही.

व्हॉट्सॲपचा स्वतंत्र कारभार

महाराष्ट्रातील कुटुंबांच्या, गृहनिर्माण संस्थांच्या आणि शाळांच्या व्यवहाराचा मोठा भाग ज्या ॲपवर चालतो, ते फोनच्या सर्वसाधारण बॅकअपवर विसंबत नाही. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप रोज पहाटे दोन वाजता संभाषणांची एन्क्रिप्ट केलेली प्रत फोनच्याच साठ्यात काढते आणि अशा साधारण सात दिवसांच्या प्रती ठेवते. फोन हरवला तर या प्रतीही त्याच्याबरोबर जातात, म्हणून गूगल खात्यावरील बॅकअप व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन वेगळा चालू करावा लागतो. या बॅकअपची जागा पूर्वी मोजली जात नसे. २०२४ पासून ती १५ जीबीच्या हिशेबात धरली जाते.

तो परत आणताना तोच मोबाइल क्रमांक आणि तेच गूगल खाते असावे लागते. ॲप पहिल्यांदा उघडून क्रमांकाची खातरजमा झाल्यावर ‘रिस्टोअर’ करायचे का, अशी विचारणा होते, आणि तेथे घाईने पुढे गेले तर संभाषण कोरे उघडते. अशा वेळी नवा बॅकअप घेतला जाण्याआधी ॲप काढून पुन्हा बसवणे हाच उपाय राहतो. अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जाणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे: एका फोनची प्रत गूगलकडे आणि दुसऱ्याची ॲपलकडे जात असल्याने एकीकडील बॅकअप दुसरीकडे वाचता येत नाही, आणि २०२१-२२ पासून उपलब्ध झालेली थेट स्थलांतराची सोय वापरावी लागते, जिच्यासाठी जुना फोन चालू स्थितीत हाताशी असणे आवश्यक असते.

कौटुंबिक समूहात छायाचित्रे पाठवून ठेवली की त्यांचा बॅकअप झाला, हा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या पद्धतीने पाठवताना व्हॉट्सॲप छायाचित्राचे आकारमान बरेच घटवते आणि ते केव्हा, कुठे टिपले ही त्यात दडलेली नोंद काढून टाकते. परत मिळते ते चित्र पडद्यावर पाहण्यापुरते ठीक असले, तरी मोठ्या आकारात छापताना त्यातील तपशील हरवल्याचे दिसते आणि तारखेनुसार लावताना ते भलत्याच दिवसात जाऊन बसते.

परतीचा प्रवास

रिस्टोअर म्हणजे जपलेली प्रत नव्या यंत्रावर पुन्हा मांडणे, आणि हे काम ठराविक क्रमाने होते. प्रथम खात्याची ओळख पटते, मग सेटिंग, संपर्क आणि एसएमएस उतरतात, आणि त्यानंतर ॲपची यादी वाचून प्रत्येक ॲप प्ले स्टोअरवरून नव्याने आणले जाते, कारण बॅकअपमध्ये ॲप स्वतः नसून केवळ त्याचे नाव आणि त्यातील माहिती असते. एखादे ॲप दरम्यान दुकानातून निघून गेले असेल तर त्याची जपलेली माहिती निरुपयोगी होते. प्रणालीची आवृत्तीही आड येऊ शकते: नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीच्या फोनवर उतरत नाही, म्हणून बदली मिळालेला फोन आधी अद्ययावत करावा लागतो.

जुना फोन चालू असताना दोन्ही फोन केबलने जोडून केलेले थेट स्थलांतर क्लाउडपेक्षा, म्हणजे सर्व्हरवरील प्रतीपेक्षा, अधिक परिपूर्ण ठरते, कारण त्यात २५ एमबीची मर्यादा आड येत नाही आणि क्लाउडला नकार देणारी काही ॲपही काही कंपन्यांच्या फोनवर या मार्गाने आपली माहिती जाऊ देतात. यूपीआय मात्र याही वाटेने येत नाही आणि ते हेतुपुरस्सर आहे. नोंदणीच्या वेळी ॲप त्या फोनमधील सिमवरून बँकेकडे एसएमएस पाठवते आणि बँक खाते, मोबाइल क्रमांक व तो विशिष्ट फोन यांची सांगड घालते. फोन बदलला की ही सांगड तुटते आणि एसएमएसपासून सारे नव्याने करावे लागते. खात्यातील पैसा बँकेकडे असतो आणि यूपीआय पिन फोनमध्ये साठवलेला नसतो, त्यामुळे येथे गमावण्यासारखे काही नसते.

किल्ली कोणाकडे आहे

सर्व्हरवर गेलेली प्रत तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून तीही एन्क्रिप्ट केली जाते, आणि मग किल्ली कोणाकडे राहावी हा प्रश्न उभा राहतो. किल्ली कंपनीकडे असेल तर पासवर्ड विसरलेल्या ग्राहकाला ती मदत करू शकते, पण प्रत वाचूही शकते. किल्ली केवळ ग्राहकाकडे असेल तर प्रत पूर्णतः खाजगी राहते, पण किल्ली हरवल्यास कंपनीचेही हात बांधलेले असतात. २०१८ मधील अँड्रॉइड ९ पासून बॅकअपमधील ॲपची माहिती फोनच्या कुलपाचा पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड यांच्या आधारे बंद केली जाते. म्हणून नव्या फोनवर जुन्या फोनचा पिन विचारला जातो. व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२१ मध्ये बॅकअपसाठी वापरकर्त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली यांचा पर्याय दिला, आणि ॲपलने डिसेंबर २०२२ मध्ये आयक्लाउड बॅकअपसाठी अशीच ऐच्छिक सोय आणली. या सर्वांत किल्ली विसरणे म्हणजे प्रत गमावणे होय.

भारतीय वापरकर्त्याला अधिक वेळा अडवणारी गोष्ट याहून साधी आहे. फोन चोरीला जातो तेव्हा सिमही जाते. नव्या फोनवर गूगल खाते उघडताना पासवर्डबरोबर एसएमएसने आलेला ओटीपी मागितला जातो, आणि तो ओटीपी चोरीला गेलेल्या क्रमांकावरच येणार असतो. दुकानातून त्याच क्रमांकाचे डुप्लिकेट सिम घेतले तरी फसवणूक रोखण्यासाठीच्या नियमानुसार पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद राहतात. प्रत सुरक्षित, खाते सुरक्षित, आणि धनी मात्र बाहेर, अशी ही अवस्था असते. गूगल यासाठी आठ अंकी दहा ‘बॅकअप कोड’ देते, ज्यांपैकी प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून पासबुकाबरोबर कपाटात ठेवले तर फोन नसताना उपयोगी पडतात. फोनमध्येच टिपून ठेवले तर त्यांचा हेतूच फसतो.

प्रतीला मुदतही असते. फोन ५७ दिवस वापरात नसल्यास गूगलवरील त्याचा बॅकअप काढून टाकला जाऊ शकतो, आयक्लाउड बॅकअप बंद केल्यावर जुनी प्रत १८० दिवस ठेवली जाते, आणि दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक गूगल खाती २०२३ च्या अखेरीपासून हटवली जाऊ लागली आहेत. दिवंगत व्यक्तीची छायाचित्रे तिच्या खात्यावर तशीच सोडून देणाऱ्या कुटुंबांनी हा नियम विशेष ध्यानात घ्यावा.

दुसऱ्याच्या घरची एकुलती प्रत

मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवरील प्रत जाऊच शकत नाही, या समजाला २००९ साली अमेरिकेत धक्का बसला. टी-मोबाइल या कंपनीच्या ‘साइडकिक’ फोनवरील संपर्क, दिनदर्शिका आणि छायाचित्रे ‘डेंजर’ या, मायक्रोसॉफ्टने आदल्या वर्षी विकत घेतलेल्या, कंपनीच्या सर्व्हरवर राहत असत आणि फोन ती तेथून मागवत असे. ऑक्टोबर २००९ मध्ये हे सर्व्हर कोलमडले. बॅटरी काढू नका, फोन रिसेट करू नका, अशी विनंती ग्राहकांना करण्यात आली, कारण फोनच्या तात्पुरत्या मेमरीत असलेली माहिती हीच काही काळ एकमेव प्रत होऊन बसली होती. पुढे बहुतेक माहिती परत मिळवण्यात यश आले; पण एकाच सर्व्हरवर भिस्त ठेवणारी व्यवस्था किती नाजूक असते, हे त्या दिवसांत दिसून आले.

या धोक्यावरचा सर्वमान्य नियम ‘३-२-१’ या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या प्रसाराचे श्रेय अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांना दिले जाते: माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. स्मार्टफोनच्या बाबतीत फोनमधील मूळ, क्लाउडवरील दुसरी आणि घरच्या संगणकावरील किंवा बाह्य हार्ड डिस्कवरील तिसरी, इतके केले तरी नियम पाळला जातो. पेनड्राइव्ह चालतो, पण तो वर्षानुवर्षे कपाटात ठेवून द्यायची वस्तू नव्हे, कारण फ्लॅश मेमरीतील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि दीर्घ काळ वीज न मिळाल्यास तो भार झिरपत जातो.

घरच्या प्रतीचा सर्वांत सोपा नमुना म्हणजे संपर्कयादीची फाइल. संपर्कांच्या ॲपमधील ‘एक्स्पोर्ट’ हा पर्याय निवडला की ‘व्हीकार्ड’ प्रकारची एक छोटी फाइल तयार होते, जी जवळजवळ कोणत्याही फोनला वाचता येते. संगणकावर ती साध्या मजकुराच्या रूपात उघडली, तर काही वेळा क्रमांक नीट दिसतात, पण देवनागरी नावांच्या जागी बरोबरच्या चिन्हांनी जोडलेली अंक-अक्षरांची लांब साखळी दिसते आणि फाइल बिघडली असे वाटते. प्रत्यक्षात तेथे बिघाड नसतो. संगणकात प्रत्येक देवनागरी वर्णचिन्ह तीन बाइटमध्ये लिहिले जाते आणि व्हीकार्डच्या जुन्या पद्धतीत त्या प्रत्येक बाइटचे मूल्य दोन चिन्हांनी मांडले जाते. म्हणून ‘आई’ या दोन अक्षरी नावाच्या सहा जोड्या होतात. तीच फाइल दुसऱ्या फोनमध्ये ‘इम्पोर्ट’ केली की नाव पुन्हा नीट उमटते. स्प्रेडशीटमध्ये उघडून ‘दुरुस्त’ करण्याच्या प्रयत्नात मात्र अशी फाइल खरोखरच बिघडू शकते.

परत आणून पाहिलेली प्रत

कोणत्याही बॅकअपची गुणवत्ता तो घेताना कळत नाही. प्रत निघाल्याचा संदेश एवढेच सांगतो की काही माहिती कुठे तरी पोहोचली. ती हवी तीच होती का, पूर्ण होती का आणि उघडते का, हे परत आणून पाहिल्याशिवाय समजत नाही. त्यासाठी फोन रिसेट करण्याचे धाडस करू नये. दुसऱ्याच्या संगणकावर खाजगी विंडो उघडून, स्वतःचा फोन बंद ठेवून, आपल्या खात्यात शिरता येते का आणि मागील वर्षीचे एक विशिष्ट छायाचित्र, एक संपर्क आणि एक कागदपत्र सापडते का, एवढी परीक्षा पुरेशी बोलकी असते. तीत कुठे अडले, तर फोन गेल्यावर नेमके तेथेच अडणार असते; फरक इतकाच, की आज ते दुरुस्त करता येते.

थोडक्यात

• बॅकअप चालू आहे का यापेक्षा शेवटच्या बॅकअपची तारीख पाहावी. वाय-फाय आणि चार्जिंग मिळत नसेल तर ‘बॅकअप नाऊ’ हा पर्याय हाताने वापरावा.

• नवे संपर्क ‘फोन’ किंवा ‘सिम’वर न साठवता खात्यात साठवावेत आणि अधूनमधून व्हीकार्ड फाइल काढून ठेवावी.

• व्हॉट्सॲपचा बॅकअप त्या ॲपच्या सेटिंगमध्ये वेगळा चालू करावा. ‘डाउनलोड’ आणि ध्वनिमुद्रणांच्या फाइली स्वतः हलवाव्यात.

• गूगल फोटोजमधून काढलेले छायाचित्र सर्व्हरवरूनही जाते. फोनमध्ये जागा करण्यासाठी वेगळा पर्याय आहे.

• यूपीआय आणि बँकेची ॲप रिस्टोअर होत नाहीत. ती नव्याने नोंदवावी लागतात.

• खात्याचा पासवर्ड, जुन्या फोनचा पिन आणि बॅकअप कोड फोनच्या बाहेर, कागदावर जपावेत.

• महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, आणि वर्षातून एकदा तरी एखादी वस्तू परत आणून पाहावी.